वरच्या अंधारातले चेहरे

ओड्वारचे फोटो पडद्यावर आले की यार्ले खिशातून काळा चष्मा काढून डोळ्यांवर चढवायचा. खास त्याच कामासाठी तो चष्मा क्लबाच्या बैठकीला आणायचा. अगदी नोव्हेंबरातसुद्धा, जेव्हा नॉर्वेतल्या आमच्या लाव्हडाल गावात दुपारीच दिवे लावावे लागतात.

"फ्योर्डात रंगाचा टँकर उलटला काय रे?" तो विचारायचा.

"तुझ्या डोळ्यांना रंग सोसत नाहीत, त्याला मी काय करू?" ओड्वार म्हणायचा, आणि पुढचा फोटो लावायचा. तो पहिल्यापेक्षा भडक असायचा.

आमचा फोटो क्लब म्हणजे शाळेच्या तळघरातली एक खोली, एक म्हातारा प्रोजेक्टर आणि वाफल भाजायचा साचा. मी गावच्या औषधांच्या दुकानात काम करते, टोरुन माझं नाव. क्लबात मी आले ती खरं सांगायचं तर वाफलांसाठी. बैठकीला आलेले निम्मे लोक तसेच आले असावेत.

ओड्वार मात्र फोटोंसाठीच यायचा. त्याचं उभं आयुष्य फेरीबोटीच्या इंजिनखोलीत गेलं, आणि त्या खोलीला खिडकी नसते. आमचा फ्योर्ड, डोंगरांत शिरलेली ती समुद्राची चिंचोळी खाडी, बघायला लोक कुठून कुठून येतात, डेकवर उभे राहून गारठतात, आणि हा माणूस रोज तोच फ्योर्ड पोलादी भिंतीच्या आतून ओलांडत होता. पेन्शनीत निघाला तसा त्याने कॅमेरा घेतला. "आता मला सगळं दिसायला हवं," तो म्हणायचा. "ढगही आणि ढगाखालची दरीही. एक दाखवायचं म्हणून दुसरं काळं करायचं, हे मला पटत नाही."

कॅमेऱ्याचं हे दुखणं प्रत्येक हौशी माणसाला ठाऊक असतं. आकाश नीट घ्यावं तर डोंगर डांबरासारखा येतो, डोंगर नीट घ्यावा तर आकाश पांढरंफटक. त्यावर उपाय म्हणजे ब्रॅकेटिंग. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का करायचा आणि एकच दृश्य लागोपाठ अनेकदा टिपायचं. पहिल्या फोटोत उजेड अगदी कमी घ्यायचा, पुढच्या प्रत्येकात वाढवत न्यायचा. मग घरी येऊन संगणकावर ते सगळे एकमेकांवर रचायचे, प्रत्येकातला चांगला भाग उचलायचा. याला एचडीआर म्हणतात. हात राखून केलं तर पाहणाऱ्याला काही केल्याचं कळतही नाही. ओड्वारला हात राखणं जमत नव्हतं. त्याचं गवत विषारी हिरवं व्हायचं आणि डोंगरांभोवती संतांच्या डोक्यामागे असाव्यात तशा प्रभावळी उमटायच्या.

त्या शरदात यार्लेने, तो आमचा अध्यक्ष, विषय दिला 'छपराखाली'. शिवाय एक नियम घातला. नुसता तयार फोटो दाखवायचा नाही, तो ज्या मूळ फोटोंपासून बनवला तेही दाखवायचे. "म्हणजे सगळ्यांना शिकता येईल," तो म्हणाला, आणि ओड्वारकडे बघून पुढे म्हणाला, "आणि काही जणांच्या बाबतीत पुरावा राहील."

"मी चर्च घेणार," ओड्वार म्हणाला.

"तिथे फोटो येतच नाहीत," मी म्हटलं.

"म्हणूनच तर."

आमचं चर्च शेकडो वर्षांचं. सगळं लाकडाचं, डांबर फासून फासून काळं झालेलं. आत शिरलं की मिनिटभर काही दिसतच नाही. भिंतींना खिडक्या नाहीत. अगदी वर, छपराला लागून, बशीएवढी गोल भोकं आहेत, बोटीच्या खिडक्यांसारखी, आणि तेवढाच काय तो उजेड. वीज आत नेलेली नाही, मेणबत्त्यांना अग्निशमनवाले परवानगी देत नाहीत. उन्हाळ्यात प्रार्थना होतात, बाकी वर्षभर कुलूप. गावात चर्चची जी पोस्टकार्डं मिळतात ती सगळी बाहेरून काढलेली.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. गाडीत पुढच्या सीटवर ओड्वारची बहीण गुन्वोर बसली होती. दर शनिवारी तो तिला बाजारहाटाला नेतो, तशीच ती पिशव्यांसकट चर्चला आली.

गुन्वोर त्याच्याहून मोठी. विणकाम शिकवायची शाळेत, माझ्याही आईला तिनेच माग शिकवला. लहानपणापासून संध्याकाळ झाली की तिला काही दिसायचं नाही. दारांवर आपटायची, पायऱ्यांवरून पडायची, घरचे तिला वेंधळी म्हणायचे. अंधारात कुणालाच दिसत नसणार, अशी तिची समजूत. त्यामुळे तिने कधी तक्रार केली नाही. तिशी उलटल्यावर बर्गेनच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा कळलं, की डोळ्याच्या आतला पडदा जन्मापासूनच अधू आहे आणि तो कडेकडेने मरत येणार. आता सत्तरीत तिला मधला तेवढा एक तुकडा उरला होता, तोही चांगल्या उजेडात.

"चावीच्या भोकातून बघते मी," ती म्हणायची. "पण भोक स्वच्छ आहे."

चर्चची किल्ली सांभाळणारी सिन्नोवे दार उघडून बाहेर ऊन खात बसली. आत गेल्यावर गुन्वोर काठी न टेकता, लहानपणापासूनच्या सवयीने सरळ चालत गेली आणि डावीकडच्या बाकावर बसली. तिच्या घरचा बाक. ओड्वारने कॅमेरा मधल्या वाटेत लावला, तोंड वर छपराकडे.

पहिले फोटो हलले. कारण लगेच कळेना. मग लक्षात आलं, जुन्या फळ्या लांबच लांब आहेत, एका टोकाला मी पाय बदलला की दुसऱ्या टोकाला कॅमेरा डुलतो. अंधाऱ्या भागांसाठी शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढा वेळ कुणी हलता कामा नये.

"श्वास घेतला तर चालेल ना?" गुन्वोरने विचारलं.

"हळू घे," ओड्वार म्हणाला.

आम्ही पुतळ्यांसारखे बसलो. शटर उघडल्याचा आवाज, मग शांतता, इतकी की बाहेर सिन्नोवेने थर्मासचं झाकण फिरवलेलं ऐकू आलं. मग शटर मिटल्याचा आवाज. असं होत होत शेवटचा, सर्वांत लांबलेला फोटो झाला. ओड्वारने वाकून कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यात पाहिलं आणि स्वतःशीच हसला.

"जिभल्या आहे बघ अजून."

"कोण?" गुन्वोर म्हणाली.

"अगं, जिभल्या. त्या खांबावरचा, जीभ बाहेर काढलेला."

गुन्वोर मोठ्याने हसली. "ओड्वार! म्हातारा झालास, अजून तेच?"

"तेच म्हणजे?"

"वरची डोकी. मी बाकावर चुळबुळ केली की आई सांगायची, वरून डोकी बघताहेत हं. आणि तू लगेच आईच्या बाजूने, मला दिसली, मला दिसली! एकाने जीभ काढलीय, एकाला मिशा आहेत. मी तेव्हाच तुला सांगितलं होतं, तू पक्का खोटारडा आहेस म्हणून."

ओड्वार सरळ उभा राहिला. त्याने कॅमेऱ्यावरचा हात काढला.

"गुन्वोर, ती डोकी आहेत."

"हो, हो."

"खरंच आहेत. प्रत्येक खांबाच्या टोकाला कोरलेली. टोरुनला विचार."

तिने माझ्या दिशेला तोंड वळवलं. मी वर पाहिलं. या चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, इथेच लग्न झालं, आणि त्या डोक्यांचा मी कधी विचारही केला नव्हता. अंधाराला डोळे सरावले की ती हळूहळू उमटतात, तुळयांच्या बेचक्यांतून, माणसांची म्हणावीत तर माणसांची, जनावरांची म्हणावीत तर जनावरांची. सगळ्यांना ठाऊक असतात. म्हणून कुणी बोलत नाही.

"आहेत, गुन्वोर," मी म्हटलं.

मग तिने मान मागे टाकून वर पाहिलं, आणि तशीच बसून राहिली.

"मला वर भोकं दिसतात," ती शेवटी म्हणाली. "उजळ. बाकी काळं. मला वाटायचं तिथे नुसतं छप्पर आहे." थोडं थांबून म्हणाली, "मला वाटायचं, सगळ्यांनाच असं दिसतं. डोळ्यांचं कळल्यावरही हे डोक्यात नाही आलं. अंगणातलं, रस्त्यावरचं आलं. हे नाही आलं."

ओड्वार तिच्या बाकाशी गेला. फळ्या करकरल्या.

"किती आहेत?" तिने विचारलं.

"डझनभर तरी."

"दाखव मला."

त्याने कॅमेरा काढून तिच्या हातात दिला. तिने तो नाकाशी धरला, लांब धरला, तिरका धरला. एवढ्याशा पडद्यावर अख्खं छप्पर मावलेलं, त्यात ते चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे. "तपकिरी काहीतरी आहे," ती म्हणाली आणि कॅमेरा परत केला.

"मोठं करून दाखवतो," ओड्वार म्हणाला. "थांब तू."

त्याने दोन दिवस संगणकासमोरून हलायचं नाव घेतलं नाही. मग आम्हा दोघींना घरी बोलावलं, कॉफी केली, लेफ्सेला, बटाट्याच्या पातळ पोळ्यांना, लोणी लावून ठेवलं, आणि पडदा उघडावा तसा संगणक वळवला.

मला ओड्वार आवडतो म्हणून सांगते, फोटो भयंकर होता. आठ शतकांचं डांबर मधासारखं चमकत होतं. तुळया नारिंगी. गोल भोकं राखाडी पडलेली, आणि त्यांच्याभोवती जांभळट कडी. चेहरे दिसत होते, नाही असं नाही. पण ते जत्रेतल्या मुखवट्यांसारखे दिसत होते.

गुन्वोरने खुर्ची मागे ओढली, मान इकडून तिकडे फिरवत सगळा फोटो तुकड्यातुकड्याने पाहिला.

"ही कुठली बेकरी?" तिने विचारलं.

"गुन्वोर!"

"नाही, खरंच विचारते. यात उजेड कुठून येतोय?"

"सगळीकडून."

"चर्चमध्ये उजेड सगळीकडून येत नाही. मी त्या बाकावर बसून मोठी झाले. उजेड वरून येतो, त्या भोकांतून, आणि खाली पोचायच्या आत संपतो. तू ती भोकंच विझवून टाकलीस. हे आपलं चर्च नाही."

"पण चेहरे? चेहरे तर दिसतात?"

"दिसतात. दुसऱ्या कुठल्या इमारतीतले आणून चिकटवले असले तरी असेच दिसतील." मग आवाज उतरवून म्हणाली, "तू गवत विषारी हिरवं करणारा माणूस, ओड्वार. मी कसा विश्वास ठेवू?"

यार्लेच्या काळ्या चष्म्याने जे कधी झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. लेफ्सेचा तुकडा ओड्वारने पुष्कळ वेळ चावला. पुढच्या सोमवारी तो माझ्या दुकानात आला, खोकल्याच्या गोळ्यांच्या फडताळासमोर उगाच उभा राहिला आणि गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "टोरुन, मला हात राखायला शिकायचंय."

मलाही कुठे येत होतं? आम्ही दोघं मिळून शिकलो. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जेवणं आटपून, रोज थोडं थोडं. पहिल्यांदा हे कळलं, की सगळे फोटो एका बटणासरशी संगणकाच्या हवाली केले की तो सगळीकडे सारखाच उजेड वाटून टाकतो, न्यायाधीशासारखा. तसं करायचं नाही. एकेक फोटो समोर ठेवायचा आणि विचारायचं, तुझ्यातलं काय घेऊ? खिडक्या या पहिल्यातून, तुळईची कड त्या मधल्यातून, गालावरची सुरी फिरल्याची खूण सर्वांत शेवटच्यातून. आणि घेतल्यावर ती पुन्हा दाबायची, मंद करायची, म्हणजे अंधार अंधारच राहील आणि तरी त्यात काहीतरी असेल. ओड्वारसाठी हे फार कठीण होतं. त्याचा हात आपोआप उजेडाकडे जायचा. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय द्यायची.

मूळ फोटोही पुन्हा काढावे लागले. पहिल्या खेपेला बाहेर ढग येत-जात होते, एका फोटोत ऊन तर दुसऱ्यात सावली, त्यामुळे ते एकमेकांवर नीट बसत नव्हते. दुसऱ्या खेपेला आम्ही एक स्वच्छ, निळा, वारा नसलेला दिवस धरला. या वेळी गुन्वोरला सांगितलं नाही. सिन्नोवेही आत येऊन बसली, आम्ही तिघं पाय वर घेऊन बाकांवर बसलो आणि कॅमेरा लांबच्या बटणाने चालवला. शेवटचं शटर उघडं होतं तेव्हा मी वर बघत होते. इतका वेळ न हलता मी आयुष्यात कधी वर पाहिलेलं नव्हतं. आणि मला पहिल्यांदा वाटलं, की तिथे चेहरे कोरणाऱ्याला पक्कं माहीत असणार, खालून हे कुणाला धड दिसणार नाहीत. तरी त्याने पापण्यासुद्धा कोरल्या होत्या.

ऑक्टोबरच्या बैठकीला ओड्वार गुन्वोरला घेऊन आला. लोकांनी तिच्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी केली. ती म्हणाली, "नको, मी मागे बसते. लांबून बघितलं की चावीच्या भोकात जास्त मावतं." आणि वाफलांच्या टेबलाशेजारी, भिंतीला टेकून बसली. मी साच्यात पीठ ओतत होते, म्हणजे तिच्या शेजारीच होते.

ओड्वारची पाळी आली. यार्लेने चष्मा चढवला. लोक हसले. दिवे गेले.

पहिला मूळ फोटो आला, सर्वांत कमी उजेडाचा. पडदा जवळजवळ पूर्ण काळा, आणि त्यात वरच्या बाजूला गोल गोल ठिपके, प्रत्येकात निळं आकाश.

"वा, ओड्वार!" यार्ले म्हणाला. "शेवटी संयम शिकलास. मला हाच आवडला."

ओड्वारही हसला. "हा नुसता खिडक्यांसाठी आहे. यात बाकी काही नाही." त्याने पुढच्या फोटोसाठी बटणावर बोट ठेवलं.

"थांब," गुन्वोर म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. एक हात भिंतीवर.

"हेच," ती म्हणाली. "हेच आहे. हे आपलं चर्च."

"गुन्वोर, हा टाकायचा फोटो आहे गं. पुढे—"

"मला असंच दिसतं. अगदी असंच. लहान होते तेव्हाही, आईला नेलं त्या दिवशीही. एवढंच."

सगळे त्या काळ्या पडद्याकडे बघत होते. मघाशी त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, आता होतं. मी पाहत राहिले. ज्या बाकावर ती वर्षानुवर्षं बसली, ज्या गर्दीत तिने गायलं, तिथे आम्ही शेजारी असूनही ती या काळोखात बसलेली होती, आणि त्याला ती चर्च म्हणत होती, आणि तिचं त्याच्यावर प्रेम होतं. यार्लेने चष्मा काढलेला मी पाहिला. तो त्याने हातातच धरून ठेवला.

"एवढंच?" ओड्वारने विचारलं. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

"एवढंच काय म्हणतोस? ती भोकं बघ की. उजवीकडून दुसरं. त्यात बर्चच्या झाडाची फांदी आहे, दिसली? पूर्वी बारीक होती. वारा सुटला की प्रवचन चालू असताना मी तिच्याकडेच बघायचे. तुम्हाला दिसायची ना ती?"

आम्ही पाहिलं. ठिपक्याच्या कडेला खरंच एक फांदी होती, केसाएवढी, तिला पिवळी पानंही होती. मी तिथे लग्न केलं आणि ती फांदी मला ठाऊक नव्हती. कुणालाच ठाऊक नव्हती. त्या खिडक्यांकडे आम्ही पांढरा उजेड म्हणून बघायचो.

"नाही," यार्ले म्हणाला. "मला तर कधीच नाही दिसली."

"अरेच्चा," गुन्वोर म्हणाली, आणि सावकाश खाली बसली. "आता पुढे जा, ओड्वार. पण हळू."

दुसरा फोटो आला. ठिपके थोडे उजळले, आणि त्यांच्या चौकटींचं लाकूड दिसू लागलं. तिसऱ्यात उजेड भोकातून आत उतरून तुळईच्या पाठीवर येऊन बसला. प्रत्येक फोटोला ओड्वार थांबत होता आणि गुन्वोर "हं" म्हणाली की पुढे जात होता. चौथा. एकावर एक रचलेल्या आडव्या तुळया, कमानी. काळोख मागे सरकत होता, भरतीचं पाणी उतरावं तसा, आणि जे वर येत होतं ते सगळं आधीपासून तिथेच होतं.

"अजून नाही," ती म्हणत होती. "अजून नाही. पुढे."

पाचव्यात खांबांच्या टोकांना काही गोळे आले. तिने माझा हात धरला. माझ्या हाताला पीठ लागलेलं होतं, तिच्या ते ध्यानात आलं नसावं.

सहावा फोटो आला आणि चेहरे आले.

गोल भोकं आता पांढरी जळून गेली होती, फांदीही गेली. पण खाली, प्रत्येक खांबाच्या माथ्यावरून ते आमच्याकडे बघत होते. गुन्वोर मान फिरवत होती, डावीकडून उजवीकडे, अगदी हळू, चावीचं भोक एकेका चेहऱ्यावर नेत.

"हा रागावलाय," ती म्हणाली. "हा... याला मांजराचे कान आहेत. याला मिशा. खरंच मिशा आहेत. आणि हा—"

ती थांबली. जिभल्या तिच्यासमोर आला होता, जीभ हनुवटीपर्यंत लोंबलेली, डोळे वटारलेले.

"ओड्वार," ती म्हणाली.

"काय?"

"तू खोटारडा नव्हतास."

ओड्वार प्रोजेक्टरच्या वायरीत काहीतरी शोधू लागला. तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं.

ती पुढे बघतच होती. "आणि हा कोपऱ्यातला झोपलाय."

"कुठला झोपलाय?" यार्लेने विचारलं.

"तो, तुळईच्या मागचा. डोळे मिटलेत त्याने."

सगळ्यांनी माना पुढे काढल्या. वेळ लागला, पण सापडला. तुळईच्या सावलीत अर्धा लपलेला, इतरांपेक्षा लहान, गोल गालांचा, पापण्या मिटलेला. ओड्वार तो फोटो महिनाभर समोर ठेवून बसलेला, मीही बसलेले, आणि आम्हा दोघांना तो दिसला नव्हता. आम्ही सगळं एकदम बघत होतो.

शेवटी त्याने तयार फोटो लावला. त्यात अंधार होता. खिडक्या होत्या, फांदी होती, आणि उजेड वरून येऊन अर्ध्या वाटेत संपत होता. जिथे तो संपत होता, तिथे चेहरे होते, असावेत तितकेच. थोडं थांबलं की एकेक पुढे यायचा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक खुर्च्यांवर पुढे सरकून बसले होते, प्रार्थनेला बसावं तसे.

"टोरुन," यार्ले काही वेळाने हलक्या आवाजात म्हणाला, "वाफल जळतोय."

जळलाच होता. दिवे लागल्यावरही बरेच जण पडद्याकडेच बघत होते, तो आता नुसता पांढरा असूनही.

परतताना ओड्वार गाडी चालवत होता, गुन्वोर पुढे, मी मागे. तळ्याकाठच्या रस्त्याला दिवे नाहीत. थंडी पडली होती, आभाळ निरभ्र होतं.

"तुला त्या पहिल्या फोटोसारखं दिसतं, हे मला आधी सांगायला हवं होतंस," ओड्वार म्हणाला.

"मला तरी कुठे माहीत होतं, की तू तसला काढू शकतोस?"

मग आणखी थोडं अंतर गेल्यावर तिने विचारलं, "तारे घेता येतात का रे, असे?"

"येतात की. शटर उघडं ठेवायचं."

"पुस्तकांत पाहिलेत मी. ते कुठल्या कुठल्या दुर्बिणीतून काढलेले असतात. आपल्या इथे आहेत का?"

मी मागच्या सीटवरून ओड्वारची मान पाहत होते. ती ताठ झाली. त्याने गाडीचा वेग कमी केला, मग रस्त्याच्या कडेला, दुधाचे टँकर थांबतात त्या जागेवर, गाडी थांबवली. तो उतरला, डिकी उघडली, तिकाटणं काढलं. गोठलेल्या गवतावर त्याचे बूट कुरकुरत होते. मी गुन्वोरला हात देऊन उतरवलं. ती गाडीच्या दाराला धरून उभी राहिली आणि मान वर केली. तिच्यासाठी वर काहीही नव्हतं. माझ्यासाठी एवढं होतं, की मला तिच्या शेजारी उभं राहून वर बघायचा संकोच वाटला.

"सुरू झालं?" तिने विचारलं.

"सुरू झालंय," ओड्वार म्हणाला. "हलू नका."

आम्ही हललो नाही. तळ्याच्या पलीकडे कुठेतरी ओढ्याचा आवाज येत होता. मग शटर मिटलं.

त्याने कॅमेऱ्याचा पडदा उजळला, फोटोचा एक कोपरा मोठा केला, आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांसमोर धरला, तिकाटण्यासकट. मग कळ दाबून हळूहळू पुढे सरकवत गेला. आमच्या डोंगराची काळी धार, तिच्यावर तारे, मग आणखी तारे, मग इतके की मधली जागाच उरू नये. पडद्याचा निळसर उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला होता आणि मला तिचे डोळे दिसत होते, एका जागी खिळलेले. ओड्वार सरकवत राहिला. आभाळ काही संपेना.

"हे आपल्या घरावर आहे?" ती म्हणाली.

"घरावरच. ती धार म्हणजे आपल्या गोठ्यामागचा डोंगर."

"रोज असतं?"

"ढग नसले की रोज," ओड्वार म्हणाला.